सांगितलं होतं की रं, तू हं म्हणालास

(पत्र थोडं लहान करून देतेय, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.)

"ताई, नमस्कार. मी ३९ वर्षांचा, पुण्यात सेल्समध्ये आहे, दिवसभर फोनवरच असतो. आई गावी असते, विट्याजवळ, एकटीच. अण्णा जाऊन चार वर्षं झाली. मी महिन्यातून एकदा शनिवार-रविवार जाऊन येतो. बारा दिवसांपूर्वी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला ते झाल्यावर कळलं. सहज फोन केला तर शेजारच्या वहिनींनी उचलला, म्हणाल्या काकूंच्या डोळ्याला पट्टी आहे, झोपल्यात आत्ता. वहिनीच तिला एसटीनं घेऊन गेल्या होत्या. संध्याकाळी आईवर मी चिडलो, मला सांगायचं नाही का म्हणून. आई शांतपणे म्हणाली, सांगितलं होतं की रं, तू हं म्हणालास. जेवताना सांगितलं, अंगणात बसलो तेव्हा सांगितलं, निघताना पिशवी भरून देताना पण सांगितलं म्हणाली. मला तिन्हीतलं एकही आठवत नाही. ती चिडली नाही तेच जास्त लागलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मी तर तुला काही सांगायचंच सोडलंय. मुलगी आठ वर्षांची आहे, बोलता बोलता मधेच थांबते आणि विचारते, बाबा मी आत्ता काय म्हणाले सांग. फोन सोडणं शक्य नाही, पोट त्यावर आहे. अण्णा गेल्यापासून घरी गेलं की काय बोलावं तेही कळत नाही. आईची माफी कशी मागू आणि हे थांबवू कसं? – एक वाचक, पुणे"

दादा, तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि मग दिवसभर तुमच्या आईचं ते एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. तू हं म्हणालास. यात तक्रार नाहीये बघा. ती फक्त हिशेब सांगतेय, की मी माझं काम केलं, तुला कळवलं, तू ऐकल्याची खूण दिलीस, माझ्या बाजूनं विषय मिटला. तिनं तुमच्या हं वर विश्वास ठेवला आणि एसटीत जाऊन बसली.

आपल्याकडं हं ला केवढी किंमत होती ते आठवा जरा. तुमच्याही आजीनं लहानपणी गोष्टी सांगितल्या असतील, रात्री अंधारात वाकळंवर पडून, आणि अट एकच असायची की हुंकार द्यायचा. आजी एक वाक्य सांगणार, आपण हं म्हणणार, ती पुढचं सांगणार. हं थांबला की आजी विचारायची, झोपलीस का गं? अंधारात तिला आपलं तोंड दिसत नसायचं, आपण जागे आहोत, तिच्याबरोबर त्या जंगलात त्या राक्षसाच्या मागं चाललोय हे तिला कळायचं ते फक्त त्या हुंकारावरनं. झोपेत कुणी हं म्हणत नसतं, त्यामुळं तो हं कधी खोटा नसायचाच.

आता आपण जागेपणी खोटा हं द्यायला शिकलोय. डोळे खाली, अंगठा चालू आणि तोंडातून आपोआप हं, हं, बरं, हो का. मी पण दिलाय, पुढं सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे दादा, की तुम्ही दिवसातून किती तास फोनवर असता हा तुमच्या घरातला खरा प्रश्न नाहीये. तुमचं काम तसं आहे आणि तुमच्या घरच्यांना ते माहितीये, त्यांनी ते कधीच मान्य केलंय. घात केलाय तो त्या खोट्या हं नं. तुम्ही जेवताना म्हणाला असतात, आई जरा थांब, हा एक मेसेज टाकतो आणि मग सांग, तर ती थांबली असती. भाकरी तव्यावर टाकून थांबली असती. बाई जन्मभर कशाकशासाठी थांबलीय, दोन मिनिटं काय थांबली नसती? पण तुम्ही हं म्हणालात आणि तिनं विषय मिटवला. गप्प बसला असतात तरी चाललं असतं, निदान तिला कळलं असतं की पोचलं नाही, परत सांगावं लागेल.

अर्थात तिनं परत सांगितलंच, तीन वेळा सांगितलं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तिला कुठंतरी कळत होतं की पोचत नाहीये. माणूस असं उगीच तीनदा सांगत नाही.

एडवर्ड ट्रॉनिक नावाचे अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता, पुढं जगभर तो परत परत केला गेला. आई बाळासमोर बसते, हसते, बोलते, खेळवते. मग तिला सांगितलेलं असतं की आता दोनेक मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा, बाळाकडंच बघायचं पण काही प्रतिसाद द्यायचा नाही. आई कुठं गेलेली नसते, समोरच असते. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, मग दोन्ही हात पुढं करतं, मग किंचाळतं, आपल्याकडची सगळी हत्यारं काढून बघतं, आणि शेवटी तोंड फिरवून दुसरीकडंच बघायला लागतं. त्याचे व्हिडिओ आहेत, बघवत नाहीत. मला तुमचं पत्र वाचताना ते बाळ आठवलं, फक्त वय ६८-७० आणि डोळ्यात मोतीबिंदू. जेवताना सांगून बघितलं, अंगणात सांगून बघितलं, पिशवी भरताना सांगून बघितलं आणि मग वहिनीकडं तोंड वळवलं. तुमची बायको पण तिथंच पोचलीय, मी सांगायचंच सोडलंय म्हणते ती. तुमची मुलगी अजून पोचलेली नाही. ती अजून हात पुढं करतेय, बाबा मी आत्ता काय म्हणाले सांग. ती परीक्षा घेतेय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, जोवर ती विचारतेय तोवर तिला तुमच्याकडनं आशा आहे. ज्या दिवशी विचारायची बंद होईल तो दिवस वाईट.

त्या प्रयोगाचा शेवटचा भाग पण सांगते, लोक तो सांगायला विसरतात. दोन मिनिटं झाली की आई परत पहिल्यासारखी होते, हसते, हात धरते. बाळ जरा रुसून असतं, लगेच येत नाही, पण येतं. तुमची माणसं पण येतील, जरा वेळ द्या.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. तुम्ही ती घाईघाईत लिहून पुढं गेलात असं मला वाटलं, अण्णा गेल्यापासून घरी गेलं की काय बोलावं कळत नाही. दादा, माझ्या मते सगळ्या पत्राचा जीव त्या ओळीत आहे. तुमचं काम दिवसभर फोनवर असतं हे खरं, पण शनिवारी रात्री साडेनऊला आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही फोनमध्ये नेमकं काय बघत होता? ऑफिसचं काम होतं का? एखाद वेळेस असेलही. पण प्रामाणिकपणे आठवून बघा. मला तर असं दिसतंय की घरात अण्णांची खुर्ची रिकामी आहे, आई मधेच अण्णांचं काहीतरी काढणार, त्यांची औषधाची वही, त्यांचा सदरा कुणाला दिला, आणि त्यावर आपण काय बोलायचं हे कळत नाही, म्हणून हात खिशात जातो. फोन हातात असला की माणूस घरात असूनही सुटतो. मी हे दोष म्हणून सांगत नाहीये हो, दुःखापासनं पळायला प्रत्येकाला काहीतरी लागतं. आधी पुरुष माणसं पारावर जाऊन बसायची, पान लावत बसायची. पण आई कुठं जाणार? तिला पळायला जागा नाही, तिला त्या खुर्चीसमोरच बसायचंय, आणि महिन्यातून दोन दिवस एक माणूस असं येतं की ज्यालाही अण्णा तेवढेच आठवतात.

काय बोलावं कळत नसेल तर बोलू नका ना. तिला तुमच्या बोलण्याची गरज नाहीये, तिच्याकडं चार वर्षांचं साठलंय. तुम्ही हुंकार द्या, खरा.

श्रावणातल्या रविवारी आदित्य राणूबाईची कहाणी करतात, तुमच्या आईला नक्की माहिती असेल. त्यातल्या बापाला दोन लेकी, एक राजाकडं दिलेली, एक प्रधानाकडं. बाप मोठीकडं जातो. ती पाय धुवायला पाणी देते, बसायला पाट देते, गूळ खा पाणी प्या म्हणते. बाप म्हणतो गूळ नको, पाणी नको, मला कहाणी सांगायचीय ती तेवढी ऐक. तिला वेळ नसतो, राजा शिकारीला निघालाय, तिची गडबड आहे. मग बाप धाकटीकडं जातो. ती घरातनं सहा मोती आणते, तीन बापाच्या हातात देते, तीन आपल्या मुठीत धरते आणि मन लावून ऐकते. लहानपणी मला वाटायचं यात मोठीचं एवढं काय चुकलं, पाट दिला, पाणी दिलं, गूळ दिला, काम होतं म्हणून ऐकलं नाही, त्यात काय. आता कळतं की बाप गूळ खायला आलाच नव्हता. आणि धाकटीचे ते मोती मला फार आवडतात. ऐकायचं म्हणजे हातात काहीतरी धरून बसायचं, मूठ मिटून. आपल्याकडं कहाणी ऐकताना बायका हातात अक्षता धरतात तेही तसंच. तांदळाचे चार दाणे मुठीत असले की हात दुसरीकडं जात नाही. तुम्ही पण महिन्याच्या महिन्याला जाताय, पैसे देताय, किराणा भरून देताय, गूळपाणी सगळं देताय हो, मला माहितीये.

माझं सांगते. माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, ते गावी असताना मी पण अशीच महिन्या-दोन महिन्यांनी जायची. एका मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, तारा तुटल्या, दोन दिवस लाईट नव्हती, टॉवर पण बंद पडला. पहिल्या दिवशी दुपारी माझा फोन बंद पडला तेव्हा मला कसंतरीच व्हायला लागलं, कारण नसताना दहादा उचलून बघितला. रात्री सोप्यात कंदील लावला, आबांनी शेंगांचं अर्धं पोतं ओढलं आणि आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो. आबांची फोडायची पद्धत ठरलेली, शेंग अंगठ्याखाली दाबायची, टच्च आवाज आला की दाणे सुपात आणि टरफल मागं. मधूनच दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवायचे, खा म्हणून. मग बोलता बोलता बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला. आबा तेव्हा विशीत होते, खडी फोडायच्या कामावर जायचे. सुकडी मिळायची ती, मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची तिच्या भाकरीला कशी चव नसायची, ते सांगत होते. ते मी ऐकलेलं होतं. मग म्हणाले, त्याच वर्षी मास्तरकीच्या ट्रेनिंगचं पत्र आलं होतं, पण धाकटा भाऊ तापानं पडलेला, घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गेलो नाही, पत्र अजून ट्रंकेत आहे.

माझा हात थांबला. आबांना मास्तर व्हायचं होतं हे मला माहितीच नव्हतं. मी म्हटलं, आबा हे मला कधी सांगितलंच नाहीत तुम्ही. ते शेंग फोडत म्हणाले, सांगितलं की गं मागच्या दिवाळीला, तू इथंच बसली होतीस.

मागच्या दिवाळीला मी तिथंच बसले होते, खरंय. फराळाच्या ताटाचे फोटो टाकत होते, त्यावर कोण काय लिहितंय ते बघत होते. हं म्हणाले असणार. त्या रात्री आबांनी ट्रंक उघडून पत्र दाखवलं, घडीवर फाटत आलेलं. मी स्वतः वीस वर्षं शाळेत शिकवत होते दादा, आणि मी शिक्षिका झाले तेव्हा आबा स्टँडवर पेढे का वाटत सुटले होते ते मला त्या रात्री कळलं. त्यानंतर आबा दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात मी गेले की फोन सोप्यातल्या घड्याळाखाली ठेवायचा आणि शेंगा नसल्या तर लसूण घेऊन बसायचं, असं माझं मी ठरवून टाकलं. म्हणून तुम्हाला पण सांगते, आईजवळ बसताना हाताला काहीतरी काम घ्या. भाजी निवडा, शेंगा फोडा, जात्याजवळची जागा झाडा, काहीही. नुसतं समोर बसून ऐकायचं म्हटलं की हात शिवशिवतात, आणि आई पण अवघडते, हा असा टक लावून का बघतोय म्हणून. हात कामात असले की बोलणं आपोआप निघतं.

बाकी फोनचं म्हणाल तर मनाचा निश्चय वगैरे यावर फार विसंबू नका, कारण समोरचं यंत्र त्याच्यासाठीच बनवलेलं आहे. पेपर शेवटच्या पानावर संपतो, ताटातली भाकरी संपते, पण फोनवरचं स्क्रोलिंग संपतच नाही. २००६ साली एझा रास्किन या माणसानं ही तळच नसलेली युक्ती काढली आणि नंतर त्यानंच जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवलाय. दर वेळी नवीन काही मिळेलच असं नसतं, कधी मिळतं कधी नाही, आणि तसं असलं की माणूस जास्तच बघत राहतो. तेव्हा दोन दिवसात सुटलं नाही तर स्वतःला शिव्या देत बसू नका, जागा आणि वेळ तेवढी बदला.

कामाचं काय करायचं ते सांगते. तुमच्या फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब असतं, त्यात ठराविक लोकांचे कॉल येऊ द्यायची सोय असते, साहेब, आई, बायको, मुलीची शाळा एवढे नंबर त्यात टाका. आणि बाकी कुणाचं खरंच अडलं असेल तर तेही पोचतं, कारण त्यातच दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्यायची सोय आहे, अँड्रॉइडवर त्याच माणसानं पंधरा मिनिटांत परत केला तर आणि आयफोनवर तीन मिनिटांत परत केला तर. हे सेटिंग चालू आहे ना ते एकदा बघून घ्या. मग टीमच्या ग्रुपवर स्पष्ट लिहून टाका की रोज साडेआठ ते साडेनऊ मी मेसेज बघत नाही, अडलं तर कॉल करा, नाही उचलला तर लगेच परत करा. पहिल्या आठवड्यात दोघंतिघं कुरकुर करतील. माझा अनुभव असा की मेसेज शंभर येतात आणि कॉल करण्याएवढं महत्त्वाचं त्यातलं एखादंच निघतं. हातात साधं घड्याळ घाला, वेळ बघायला म्हणून फोन उचलतो आणि अर्धा तास जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि वेळ ठरवताना ती कधी संपणार तेही ठरवा. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला माहिती असेलच, तुमच्या विट्यापासनं लांब नाही. तीन हजारांच्या आसपास वस्तीचं उसाचं गाव. कोरोनात पोरांच्या शाळा फोनवर गेल्या आणि नंतर फोन पोरांच्या हातातनं सुटेना, मोठ्यांच्याही सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी १५ ऑगस्ट २०२२ पासून ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद, आणि साडेआठला परत वाजला की मोकळे. दीड तास. मला त्यातला दुसरा भोंगा फार शहाणपणाचा वाटतो. आता कायमचं बंद म्हटलं असतं तर चार दिवसात मोडलं असतं, पण साडेआठला मिळणार आहे म्हटल्यावर पोरगं पण अभ्यासाला बसतं आणि बाप पण गप्पा मारायला. तुमच्या घरात भोंगा नाही, पण वेळ ठरवता येईल, आणि ठरवली की फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचा आधी.

तुमचा आधी आणि तुमचाच, हे महत्त्वाचं. पहिले पंधरा दिवस बायकोला तू पण ठेव असं म्हणायचं नाही. तिनं सांगायचं सोडलंय ना, मग ती पण फोनमध्येच गेली असणार, आणि तुम्ही आज वाचून आल्यासारखं तिला शिकवायला लागलात तर तिचं डोकं फिरेल आणि ते बरोबरच असेल. तिला लगेच काय झालं सांग, काय चाललंय सांग असं खोदून विचारू पण नका. ती भांडी आवरत असेल तर ओट्याशी उभं राहून पुसायला लागा. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस काहीच होणार नाही. मग कधीतरी ती शेजारणीचं नाहीतर ऑफिसमधलं काहीतरी बारीकसारीक सांगेल, त्याला बारीकसारीक समजू नका, ती तेवढ्यावर तुम्हाला तपासून बघतेय. दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारा, काय झालं गं त्याचं पुढं? खरा हं दिला होता हे दुसऱ्या दिवशीच कळतं.

मुलीला खरं सांगा. ती विचारेल मी काय म्हणाले सांग, तर नाही आठवत, माझं लक्ष नव्हतं, परत सांग, असं म्हणून फोन उलटा ठेवून तिच्याकडं वळा. अंदाजानं उत्तर देऊन सुटायला बघू नका, पोरांना लगेच कळतं. आणि कामाचा मेसेज खरंच महत्त्वाचा असेल तर तसं सांगा, पाच मिनिटं दे, आणि पाच मिनिटांनी तुम्हीच तिच्याकडं जा, ती परत यायची वाट बघू नका. बाबा थांब म्हणतो आणि मग येतो, एवढं तिला पक्कं कळलं तरी खूप झालं.

आईच्या बाबतीत एक गोष्ट उलटी आहे, ती म्हणजे महिन्यातले २८ दिवस तुमच्यात दोनशे किलोमीटर आहेत आणि तेव्हा फोन हाच तुमचा पाट आणि हीच ओसरी. तिथं फोन खाली ठेवून कसं चालेल, तिथं तो कानालाच लावायचा. पण गाडी चालवताना, लॅपटॉपवर एक्सेल उघडं ठेवून, लिफ्टमध्ये रेंज जाता जाता, असा नाही. व्हिडिओ कॉलवर तिला तुमचं कपाळ दिसतं आणि डोळे दुसरीकडंच असतात, तिला कळतं ते, दिसत नसलं तरी कळतं. त्यापेक्षा साधा कॉल करा, रात्री जेवण झाल्यावर सोसायटीत खाली चालत चालत, दहा मिनिटंच करा पण तेवढंच करा. आणि तिनं एखादी तारीख सांगितली, दवाखान्याची, बँकेची, गावातल्या लग्नाची, तर तिला उलट म्हणून दाखवा, म्हणजे गुरुवारी अकराला ना? फोन ठेवल्याबरोबर कॅलेंडरमध्ये टाका. यंत्र हातात आहेच तर त्याला कामाला लावा.

हे सगळं करूनही जमेनाच, फोन नसला की घाम फुटतो, रात्रीची झोप जातेय, असं असेल तर मग ते एकट्यानं ओढायचं काम नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून याच त्रासासाठी वेगळं क्लिनिक चालतं, म्हणजे असं होणारे तुम्ही पहिले नाही. पण तुमच्या पत्रावरनं मला तसं वाटत नाही, तुम्ही आईकडं फक्त बुजल्यासारखे झालाय.

आता माफी. फोनवर मागू नका, आणि जाताना काही मोठं घेऊन जाऊ नका, साडी नको, नवीन मोबाईल तर अजिबात नको. ऑपरेशनला बारा दिवस झालेत म्हणता, म्हणजे तिचे थेंब अजून चालू असणार, मोतीबिंदूनंतर काही आठवडे चालतात ते. आत्ता वहिनी टाकत असतील. तुम्ही या शनिवारी जा, जमलं तर सोमवार-मंगळवारची रजा टाका आणि ते चार दिवस थेंब तुम्ही टाका. वहिनींना भेटून हात जोडा आधी, त्यांनी तुमचं काम केलंय. डॉक्टरांचा कागद मागून घ्या आणि कुठला थेंब किती वेळा ते त्यांच्याकडनं समजून घ्या.

फोन सोप्यात ठेवायचा. साबणानं हात धुवायचे. आईला कॉटवर आडवं करायचं, एका हाताच्या बोटानं खालची पापणी हळूच खाली ओढायची, दुसऱ्या हातात बाटली, टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, एक थेंब. मग तिनं डोळा मिटून पडायचं. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची असतात, लगेच दुसरं टाकलं तर पहिलं वाहून जातं. दिवसातनं तीन-चार वेळा ही पाच मिनिटं तुम्हाला मिळणार आहेत. तिथंच कॉटच्या कडेला बसून राहा. तेव्हाच एकदा सांगून टाका, आई, तू तीनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नव्हतं, नुसतंच हं म्हणालो. एवढंच. ती म्हणेल असू दे रं, कामाचा ताण असतो, आणि विषय बदलेल. बदलू द्या. ती अण्णांचं काहीतरी काढेल, त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं नाहीतर त्या खुर्चीचं. तिचे डोळे मिटलेले असतील, तुमच्या हातात काय आहे ते तिला दिसणार नाही. तुम्ही हं म्हणा, ती पुढचं सांगेल.